क्री द्यू शा: सहा आठवड्यांच्या बाळाच्या आईला दिलेलं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सहा आठवड्यांची, दिवस पूर्ण भरलेले पण जन्माचं वजन फक्त २ किलो १०० ग्रॅम, रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक आणि उंच, त्यावरूनच डॉक्टरांना शंका आली, क्रोमोसोमची (गुणसूत्रांची) टेस्ट झाली आणि रिपोर्टमधे ५ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा नाहीये, म्हणजे क्री द्यू शा हा आजार, असं आलंय. एका डॉक्टरांनी सांगितलं की याला औषध नाही, फार धावपळ करू नका. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: हे कशामुळे झालं (घरात मांजर आहे त्याचा काही संबंध का), पुढच्या मुलाला होईल का, आत्ता नक्की काय करायचं, आणि ती आम्हाला ओळखेल का. आणि मधेच एका ओळीत, त्यात काय विशेष अशा थाटात, लिहिलंय की एका वेळचं दूध पाजायला तास लागतो आणि आता वजन २ किलो ६०० आहे.

मी त्या ओळीवर अडकलो. बाकी सगळ्याची उत्तरं देतो, पण सुरुवात तिथूनच, कारण या क्षणी तुमच्या मुलीच्या रिपोर्टपेक्षा तो एक तास जास्त महत्त्वाचा आहे.

आधी हिशोब करू. ४२ दिवसांत ५०० ग्रॅम वाढलंय. पहिले दहा-बारा दिवस उतरलेलं वजन भरून निघण्यात गेले असं धरलं तरी दिवसाला १६-१७ ग्रॅम पडतात. या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅम अपेक्षित असतात. म्हणजे वाढतीये, पण कमी वाढतीये. आता इथे लोक काय म्हणतात की "सिंड्रोमची बाळं बारीकच असतात", आणि ते अर्धं खरं आहे, या मुलांचे वाढीचे वेगळे तक्ते खरंच आहेत आणि नेहमीच्या तक्त्यावर ती कायम तळाशीच दिसणार. पण सहा आठवड्यांच्या बाळाचं वजन कमी वाढतंय तर पहिला प्रश्न सिंड्रोमचा नाही, पोटात दूध किती जातंय हा आहे. साधारण किलोमागे दिवसाला १५० मिली धरलं तर तिला चोवीस तासांत ३९० मिली लागेल, आठ वेळात वाटलं तर प्रत्येक वेळी पन्नासच्या आसपास. (हृदयाचा काही मोठा दोष निघाला तर हा आकडा बदलतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पक्का धरू नका.)

तास का लागतो ते सांगतो. दूध ओढायचं, गिळायचं आणि त्याच वेळी श्वास घ्यायचा, ही तिन्ही कामं एका तालात करायची असतात आणि बाळाच्या आयुष्यातलं ते सगळ्यात कष्टाचं काम असतं. तुमच्या मुलीचे स्नायू ढिले आहेत, जबडा लहान आहे, स्वरयंत्र लहान आणि मऊ आहे, त्यामुळे ताल लवकर तुटतो. ती दमते, थांबते, परत ओढते, आणि अर्ध्या तासानंतर जे काही पोटात जातं ते पिण्याच्या कष्टातच जळून जातं. शिवाय दमलेलं बाळ चुकीचं गिळतं, दूध श्वासनलिकेकडे जातं. जठरातलं दूध वर येण्याचा त्रास पण या मुलांमधे खूप, म्हणजे दोन्ही बाजूंनी धोका.

हे मी पुस्तकातून नाही, चूक करून शिकलोय. नवीन होतो तेव्हा, एक चार महिन्यांची मुलगी, हाच आजार, तिसऱ्यांदा न्यूमोनिया होऊन ॲडमिट. आम्ही प्रत्येक वेळी अँटिबायोटिक दिलं, प्रतिकारशक्ती कमी असणार असं फाईलमधे लिहिलं, रक्ताच्या टेस्ट पाठवल्या. वॉर्डमधे तिचं रडणं ऐकायला विद्यार्थी मुद्दाम यायचे, मीच आणायचो त्यांना. एका रात्री जुन्या सिस्टर म्हणाल्या, सर, दूध संपत आलं की हिचा आवाज ओला होतो, एकदा उभं राहून ऐका ना. मी तिच्या मानेवर, स्वरयंत्राच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला. पहिले आठ-दहा घोट स्वच्छ, टक टक आवाज आणि मधे कोरडा श्वास. मग हळूहळू श्वासाबरोबर बुडबुडे यायला लागले, ग्लासच्या तळाशी स्ट्रॉने ओढल्यावर येतात तसे, आणि बाळ मात्र खोकलं नाही, शांत पीत राहिलं. पुढे एक्स-रेखाली गिळण्याचं चित्रण केलं तर दूध सरळ श्वासनलिकेत उतरत होतं. सगळ्या वॉर्डने तीन महिने तिचं रडणं ऐकलं, गिळणं एका सिस्टरनी ऐकलं. नंतर पाच महिने नळीने दूध दिलं, त्या पाच महिन्यांत एकही न्यूमोनिया नाही.

म्हणून सांगतोय, ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. या बाळांमधे खोकल्याची प्रतिक्रिया मंद असू शकते. तुम्ही काय बघायचं: पिताना कपाळाला घाम, डोळ्यांतून पाणी, भुवया ताणलेल्या, ओठांभोवती फिकट किंवा निळसर, पिऊन झाल्यावर छातीत घरघर किंवा ओला आवाज, आणि वारंवार "सर्दी" होतीये असं वाटणं. यातलं एक जरी असेल तर ते फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, पूर्ण फीडचा, सुरुवातीची दोन मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं तरी नक्की, कारण ओपीडीत बाळ झोपलेलं असतं आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही. एक चांगला व्हिडिओ माझ्यासाठी दहा प्रश्नांच्या उत्तरांपेक्षा कामाचा असतो.

आत्ता घरी बदलता येईल असं: तिला पाठीवर आडवं करून पाजू नका. एकतर अर्धवट बसतं धरा, डोकं-मान-पाठ एका रेषेत, हनुवटी किंचित खाली, नाहीतर कुशीवर, कान वरच्या बाजूला येईल असं, तुमच्या मांडीवर. कुशीवरची पोझिशन बऱ्याच ढिल्या बाळांना जमते कारण जास्तीचं दूध घशात साचण्याऐवजी गालातून बाहेर येतं. बाटली वापरत असाल तर हळू प्रवाहाचं निपल. भोक मोठं करू नका, हे फार लोक करतात "लवकर संपेल" म्हणून, आणि मग दूध थेट फुफ्फुसात. तीन-चार घोट झाले की बाटली खाली झुकवा, तिला श्वास घेऊ द्या, मग परत. अंगावर पाजत असाल तर आधी थोडं दूध हाताने काढून टाका म्हणजे पहिला जोराचा प्रवाह जाईल, आणि एका हाताच्या बोटांनी हनुवटी आणि गालाला हलका आधार द्या. वाटी-चमच्याने घालत असाल तर ओतू नका, ओठांशी टेकवून तिला ओढू द्या. पिऊन झाल्यावर वीस-तीस मिनिटं छातीशी उभं धरा. झोपवायचं मात्र पाठीवरच, सपाट गादीवर, उशा-लोड लावून तिरकं नाही, दूध वर येत असलं तरी.

आणि तीस मिनिटांनी थांबायचं. उरलेलं दूध राहू दे, एका तासाचं फीड चालू ठेवण्यात तिचाही फायदा नाही आणि तुमचाही नाही. पण थांबल्यावर दूध कमी पडतं हे उघड आहे, तर ती भर कशी घालायची हे ठरवायला याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दोन-तीन मार्ग असतात. एक म्हणजे काढलेल्या आईच्या दुधात कॅलरी वाढवणारी भर, मोजून, डॉक्टरांनी सांगितलेली. दूध घट्ट करायच्या पावडरी स्वतःच्या मनाने नको, एवढ्या लहान बाळात त्याचे आतड्याला धोके असतात. दुसरं म्हणजे नाकातून पोटात जाणारी बारीक नळी.

नळीचं नाव काढलं की आया रडतात. मला कळतं ते, नळी लागली म्हणजे आता संपलं असं वाटतं. पण बघा, नळी बहुतेक वेळा तोंडाच्या बरोबरीनं चालते: वीस मिनिटं तोंडाने, तिला जमेल तेवढं, चांगल्या मूडमधे, आणि उरलेलं नळीने. तिची ताकद वाढीला लागते, पिण्यात जळत नाही. नळीने दूध सिरिंजचा दट्ट्या दाबून ढकलायचं नाही, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं. प्रत्येक वेळी नळी जागेवर आहे का हे तपासायचं, कसं ते डिस्चार्जच्या आधी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा, नुसतं बघून येऊ नका. नळीचं दूध चालू असताना तोंडात चोखणी किंवा स्वच्छ बोट द्या, म्हणजे चोखणं आणि पोट भरणं याचं नातं टिकतं, नाहीतर नंतर तोंडात काही घालूच देत नाहीत, आणि तो प्रश्न नळीपेक्षा चिवट असतो. काही महिन्यांनंतरही गिळणं सुरक्षित नसेल तर पोटावरून थेट जठरात जाणारी नळी बसवतात. मी स्वतः या बाबतीत पूर्वी फार थांबायचो, आता थांबत नाही.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपड्याशिवाय, शक्यतो एकाच वेळी. रोज करू नका, रोजच्या आकड्याने माणूस वेडा होतो. बद्धकोष्ठही या मुलांना खूप छळतं आणि पोट गच्च असेल तर दूध जात नाही, तेही सांगा डॉक्टरांना.

लगेच, रात्र असली तरी, घेऊन जायचं कधी: पिताना निळी पडली, श्वास मधेच थांबला, बरगड्यांखाली खड्डे पडतायत आणि नाकपुड्या फुलतायत, श्वास आत घेताना कर्कश शिट्टीसारखा आवाज वाढत चाललाय, ओळीनं दोन फीड घेतलीच नाहीत, ताप आला किंवा अंग थंड पडलंय, सहा-आठ तासांत लंगोट ओला झाला नाही. सकाळपर्यंत वाट बघू नका यात.

आता तुमच्या प्रश्नांकडे.

मांजराचा काहीही संबंध नाही. क्री द्यू शा हे फ्रेंच आहे, अर्थ मांजराचं ओरडणं, बस. हे नाव दिलं जेरोम लेझन या फ्रेंच डॉक्टरांनी १९६३ मधे, तेच ज्यांच्या टीमने १९५९ मधे डाऊन सिंड्रोममधे २१ नंबरचा जादाचा क्रोमोसोम असल्याचं जाहीर केलं होतं (त्या कामात पेशी वाढवण्याचं मुख्य कौशल्य मार्थ गोतिए या डॉक्टरबाईंचं होतं, ते लोकांना खूप उशिरा कळलं, असो). तेव्हा बाळाचा आवाज ऐकून ठेवलेलं नाव आहे ते. मला स्वतःला ते नाव आवडत नाही, मी आईबापांशी बोलताना "पाच पी मायनस" (पाच नंबरच्या क्रोमोसोमचा 'पी' बाजूचा तुकडा कमी) म्हणतो, पालकांच्या संस्थाही तेच वापरतात, आणि ५ मे हा दिवस या मुलांसाठी पाळतात तो याच पाचाच्या आकड्यावरून. मांजर घरात आहे तर बाळाच्या अंथरुणात येऊ देऊ नका एवढंच, आणि ते कुठल्याही बाळाला लागू.

आवाज तसा येतो कारण स्वरयंत्र लहान, अरुंद आणि मऊ असतं, आणि मेंदूकडून त्याला मिळणारा ताणही वेगळा असतो. नेहमीच्या बाळाच्या रडण्याचा मूळ स्वर ४०० हर्ट्झच्या आसपास असतो, या बाळांचा जवळजवळ त्याच्या दुप्पट. वय वाढेल तसा तो कमी होतो, मोठ्या मुलांमधे आवाजावरून ओळखणं अवघड जातं. १५ हजार ते ५० हजार जन्मांमागे एक असं प्रमाण सांगतात, म्हणजे बहुतेक बालरोगतज्ज्ञांनी करिअरमधे एखाद-दुसरंच बाळ पाहिलेलं असतं. तुम्हाला "धावपळ करू नका" म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी वाईट म्हणणार नाही, पण त्यांचं वाक्य चुकीचं आहे. तुटलेला तुकडा परत जोडायचं औषध नाही हे खरं. गिळणं, श्वास, हृदय, कान, हाडं, बोलणं, या प्रत्येकावर करण्यासारखं भरपूर आहे.

रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो, कारण तुम्ही त्यातली ओळ लिहून पाठवलीत: ४६, एक्सएक्स, डेल, ५, पी १४. क्रोमोसोम एकूण ४६, म्हणजे संख्या बरोबर आहे. एक्सएक्स म्हणजे मुलगी. डेल म्हणजे तुकडा गळालाय, पाच नंबरच्या क्रोमोसोमचा, आणि प्रत्येक क्रोमोसोमला एक आखूड आणि एक लांब बाजू असते त्यातल्या आखूड बाजूला पी म्हणतात, तिथे १४ नंबरच्या पट्ट्यापासून टोकापर्यंतचा भाग नाहीये. टोकाकडच्या भागाचा संबंध रडण्याशी जोडलेला आहे आणि त्याच्या थोडं आतल्या भागाचा चेहरेपट्टी आणि बौद्धिक विकासाशी. त्या भागातला सीटीएनएनडी२ नावाचा जीन मेंदूतल्या पेशींच्या जोडणीसाठी लागतो. ढोबळमानाने तुकडा मोठा तर त्रास जास्त, पण हे ढोबळच आहे. सारख्याच आकाराचा तुकडा गेलेली दोन मुलं मी बघितलीयेत, एक तिसऱ्या वर्षी चालायला लागलं, दुसऱ्याला सहावं उजाडलं. त्या ओळीत तुमच्या मुलीचं भविष्य शोधत बसू नका, नाहीये तिथे.

झालं कशामुळे? साधारण ८५ ते ९० टक्के मुलांमधे तुकडा नव्याने तुटतो, बीजपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना, किंवा अगदी सुरुवातीला. गरोदरपणात काय खाल्लं, काय उचललं, किती काम केलं, कशाची भीती बसली, याने होत नाही. एक गोष्ट मी सांगू की नको असा विचार करतो नेहमी: असं नव्याने तुटतं तेव्हा बहुतेक वेळा ते वडिलांकडून आलेल्या क्रोमोसोमवर तुटलेलं असतं. सांगतो अशासाठी की आया वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसतात. आणि लगेच हेही सांगतो की यात वडिलांचाही शून्य दोष आहे, शुक्रपेशी कोट्यवधींनी बनतात आणि कुठेतरी कॉपी करताना तुटतं, त्यावर कोणाचा ताबा नसतो. हे वाक्य घरात भांडणात वापरलं गेलेलं मी पाहिलंय, तुम्ही तसं करू नका.

उरलेल्या १० ते १५ टक्क्यांत आई किंवा वडील संतुलित अदलाबदल बाळगून असतात, म्हणजे त्यांच्या पाच नंबरचा तुकडा दुसऱ्या एखाद्या क्रोमोसोमवर चिकटलेला आणि तिथला इकडे. माल पूर्ण आहे, फक्त कपाट बदललंय, त्यामुळे ते स्वतः ठणठणीत. बाळात जाताना मात्र वाटणी चुकू शकते. म्हणून पुढच्या मुलाचा प्रश्न तुमच्या दोघांच्या रक्ताच्या टेस्टवर अवलंबून आहे, आणि टेस्ट कोणती ते नीट बघा: साधी कॅरिओटाइप, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली क्रोमोसोमची मांडणी बघायची टेस्ट, पाहिजे. मायक्रोॲरे ही जास्त आधुनिक टेस्ट आहे खरी, पण ती माल कमी-जास्त आहे का एवढंच मोजते, जागा बदललेली तिला दिसत नाही. त्यामुळे आईवडिलांची फक्त मायक्रोॲरे करून "नॉर्मल" सांगितलेली जोडपी माझ्याकडे येतात आणि परत सुई टोचावी लागते. बाळाची मायक्रोॲरे मात्र करून घ्या, कारण त्यात पाच नंबरचा तुकडा कमी आणि दुसऱ्याच कुठल्या तरी क्रोमोसोमचा तुकडा जादा असं दिसलं तर अदलाबदलीची शंका पक्की होते, आणि जादा तुकड्याचे त्रासही वेगळे असतात.

तुम्ही दोघं नॉर्मल निघालात तर पुन्हा होण्याची शक्यता अगदी थोडी, एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी. एखाद्यात अदलाबदल निघाली तर ती बरीच जास्त, ८ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान धरतात, पण प्रत्येक जोडप्याचा आकडा जेनेटिक काउन्सेलरकडून स्वतंत्र काढून घ्यावा. दोन्ही बाबतीत पुढच्या वेळी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन तपासता येतं. अदलाबदल निघाली तर तुमच्या भावंडांनाही सांगावं लागेल, तो फोन करणं जड जातं पण करावा.

आत्ता आणखी कुठल्या तपासण्या: हृदयाचा इको झाला नसेल तर लगेच, पडद्याची भोकं किंवा न मिटलेली रक्तवाहिनी काही मुलांमधे असते, आणि हृदयाचा दोष असला की दूध पिताना घाम येणं, दमणं हे सगळं गिळण्याच्या त्रासासारखंच दिसतं, म्हणून दोन्ही बघायचं. किडनीची सोनोग्राफी एकदा. कानाची बेरा टेस्ट, डोळ्यांची तपासणी. श्वास घेताना आवाज येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. लसी सगळ्या वेळेवर, या आजारात एकही लस वर्ज्य नाही, उलट न्यूमोकोकल आणि सहा महिन्यांनंतर फ्लूची लस चुकवूच नका. फिट्स या आजारात फारशा येत नाहीत, त्यामुळे झटके दिसले तर "सिंड्रोममुळे असेल" म्हणून सोडू नका, तपासा.

एक कार्ड करून ठेवा आणि बाळाच्या फाईलच्या पहिल्या पानावर लावा, कारण ऑपरेशन किंवा एमआरआयसाठी भूल द्यायची वेळ कधीतरी येतेच. त्यावर मोठ्या अक्षरात: पाच पी मायनस, जबडा लहान, स्वरयंत्र लहान आणि मऊ, वयाच्या मानाने बारीक ट्यूब लागू शकते, गिळताना दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका, दूध वर येतं. भूलतज्ज्ञांना हे आदल्या दिवशी कळलं तर ते तयारीत राहतात. टेबलावर कळलं तर सगळ्यांचीच धांदल.

तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच: जगेल ना? जुन्या पाहण्यांमधे साधारण १० टक्के मुलं दगावलेली दिसतात आणि त्यातली बहुतेक पहिल्या वर्षातच, श्वासाचे आणि हृदयाचे त्रास, न्यूमोनिया वगैरे. पहिलं वर्ष पार पडलं की चित्र खूप बदलतं, ही मुलं मोठी होतात, प्रौढ होतात. मी दुधावर एवढा का अडून बसलोय ते आता लक्षात आलं असेल.

विकास उशिरा होणार, हे लपवण्यात अर्थ नाही. बसायला बऱ्याच जणांना दोन वर्षं लागतात, चालायला तीन-चार, काहींना त्याहून जास्त, आणि थोडी मुलं चालतच नाहीत. फिजिओथेरपी आता, या आठवड्यापासून सुरू करता येते: जागी असताना, पोट रिकामं असताना, छातीखाली टॉवेलची गुंडाळी देऊन दोन-तीन मिनिटं पालथं, दिवसातून चार-पाच वेळा. उचलताना डोकं मधोमध. सुरुवातीला अंग ढिलं असतं, पुढे काही मुलांमधे ते ताठर होतं, म्हणून थेरपिस्टनं बघत राहायला पाहिजे. पाठीला बाक, दातांची ठेवण, झोप न लागणं, डोकं आपटणं, हाताला चावणं हे नंतरचे विषय आहेत, आज त्याची धास्ती घेऊ नका. आवाजाला मात्र ही मुलं लहानपणापासूनच फार दचकतात. मिक्सर लावायच्या आधी तिला उचलून घ्या आणि सांगा.

शेवटचं, ओळखेल का. ओळखेल. या मुलांबद्दल एक गोष्ट वारंवार दिसते की समजणं बोलण्याच्या बरंच पुढे असतं. बोलता येत नाही म्हणून कळत नाही असं लोक धरून चालतात, आणि मग मूल वैतागून स्वतःला मारून घेतं. माझ्याकडे एक सव्वाचार वर्षांची मुलगी यायची, एकही शब्द नाही. तिच्या आईने सहा महिन्यांची असल्यापासून तीन खुणा धरल्या होत्या, अजून, झालं, आणि दूध, प्रत्येक वेळी तोंडाने बोलून आणि हाताने करून. दीड वर्षं मुलीने काही केलं नाही, आईनं सोडलं नाही. एकदा मी तिचं पोट तपासत होतो, हात थंड होते माझे, तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दोन्ही तळवे उलटे करून झटकले. झालं. आई हसायला लागली. मी हात काढून घेतला.

तुमच्या मुलीबरोबर आजच एक करून बघा. झोपून उठल्यावर, दूध पाजल्यानंतर नाही कारण तेव्हा ती दमलेली असते, तिचं डोकं हातात मधोमध धरा, तुमचा चेहरा वीतभर अंतरावर आणा, तिचं नाव एकदा घ्या आणि गप्प राहा. नेहमीच्या बाळापेक्षा तिला उत्तर द्यायला वेळ लागतो, दहा-पंधरा सेकंद, कधी जास्त. आपण तीन सेकंदांत काही झालं नाही म्हणून खुळखुळा वाजवतो किंवा दुसरीकडे वळतो, आणि ती बघेपर्यंत आपण गेलेलो असतो. तिथेच थांबा. ती नजर लावते का, ओठ हलवते का, पाय थांबवते का, बघा.

इको, दोघांची कॅरिओटाइप, आणि दूध पितानाचा व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जाणं, या आठवड्यात एवढं तरी कराच. पुढचं वजन झालं की आकडा कळवा.